अक्षरांतून स्वतःचा चेहरा : या चुका टाळा

टंकलेल्या शब्दांतून स्वतःचा चेहरा साकारायचा, म्हणजे नाकाची सावली, गालावरचा उजेड आणि केसांचा काळेपणा हे सारे वाचता येणाऱ्या अक्षरांनीच उभे करायचे. मराठीत ‘शब्दचित्र’ हा शब्द व्यक्तीच्या लेखी वर्णनासाठी पूर्वीपासून रूढ असल्यामुळे या लेखात ‘अक्षरचित्र’ हा शब्द वापरला आहे. असे चित्र पहिल्यांदा करणाऱ्यांचा प्रयत्न बहुधा एकाच जागी फसतो. छायाचित्र खाली असते, अक्षरे वर पसरलेली असतात आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नसतो; अक्षरे पुसली तरी चेहरा जसाच्या तसा राहतो. शब्द काढून घेतल्यावर ज्यातला चेहराही नाहीसा होतो ते अक्षरचित्र, असे मी मानतो, आणि पुढे सांगितलेल्या चुका याच कसोटीवर पाहिल्या आहेत. विवेचन मुख्यतः संगणकावर देवनागरीत केलेल्या चित्रांचे आहे, कारण रोमन लिपीसाठी तयार झालेल्या कृती देवनागरीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत आणि नेमका तेथेच मराठी माणसाचा वेळ वाया जातो.

छायाचित्र निवडताना

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी या कामाला सहसा चालत नाही. इतक्या जवळून नाक मोठे दिसते आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. छायाचित्रात त्वचा, पापण्या आणि रंग सोबत असल्याने आपण ती विकृती चालवून घेतो. अक्षरांत हे बारकावे गळून पडतात आणि मोठे नाक तेवढे उरते. त्यामुळे दीड-दोन मीटर अंतरावरून, मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कोणाकडून किंवा टायमर लावून छायाचित्र काढावे. अनेक फोन सेल्फी आरशाप्रमाणे उलटा करून साठवतात, याकडेही लक्ष असावे. आपल्याला तो उलटा चेहराच ओळखीचा वाटतो, कारण जन्मभर आपण स्वतःला आरशात पाहत आलेलो असतो. घरच्यांना मात्र भांग चुकीच्या बाजूला दिसतो. आरशातला चेहरा काढायचा की लोकांना दिसणारा, हे ज्याने त्याने आधी ठरवावे आणि मगच पुढे जावे.

उजेडाची चूक याहून महाग पडते. पासपोर्टच्या छायाचित्रासारखा समोरून पडलेला सपाट उजेड चेहऱ्यावरच्या सावल्याच पुसून टाकतो, आणि अक्षरांना काम करायला सावल्याच हव्या असतात. खिडकीशेजारी बसून, उजेड एका बाजूने व किंचित वरून येईल असे पाहावे. मग छायाचित्र कृष्णधवल करावे, थोडे धूसर करावे आणि ‘पोस्टराइझ’ या आज्ञेने चार छटांवर आणावे. या अवस्थेत चेहरा ओळखू येत नसेल तर तो अक्षरांतही ओळखू येणार नाही, आणि नवे छायाचित्र काढण्यावाचून इलाज नाही. धूसर करण्याची पायरी अनेक जण गाळतात. ती गाळली की दाढीच्या खुंटांची आणि त्वचेच्या रंध्रांची शेकडो बारीक बेटे छटांच्या नकाशात उरतात. एका अक्षराहून लहान असलेले बेट ते अक्षर अर्धवट काळे करून सोडते आणि चेहऱ्याला त्याचा काहीही उपयोग होत नाही.

मजकूर : नाव टाकले की झाले, असे नाही

बारीक अक्षरांत ‘विठ्ठल विठ्ठल’ असे लिहून काढलेला पांडुरंग किंवा रामनामातून साकारलेला मारुती आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. तेथे एकच नाम पुन्हा पुन्हा लिहिणे ही साधना असते, म्हणून ती पुनरावृत्ती अर्थपूर्ण ठरते. स्वतःचे नाव हजार वेळा टंकल्याने तसे काही घडत नाही. वाचणारा दुसऱ्या ओळीतच थांबतो आणि चित्राचा अर्धा भाग, म्हणजे त्याचे वाचन, तेथेच संपते. पुनरावृत्तीचा आणखी एक तोटा दृश्य स्वरूपाचा आहे. तेच नाव एकाखाली एक आले की त्यातील काने आणि उकार उभ्या रांगा धरतात, आणि चेहऱ्यावर कापडाच्या विणीसारखी नक्षी उमटते. ही नक्षी मागाहून काढता येत नाही.

मजकूर किती लागतो याचा अंदाज आधी घ्यावा. ए-४ कागदावर १६ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच जागा ६ पॉइंटच्या अक्षरांनी आणि ७ पॉइंट अंतराच्या ओळींनी भरायची, तर सुमारे ८९ ओळी बसतात आणि फॉन्टच्या रुंदीनुसार अडीच ते तीन हजार शब्द लागतात. एवढे लिखाण आपल्याजवळ असते. आपण ते शोधत नाही, इतकेच. जुनी रोजनिशी, गावाच्या घराच्या आठवणी, स्वयंपाकाच्या वहीतली टिपणे, नोकरीच्या पहिल्या वर्षात लिहिलेली पत्रे, यांतले स्वतःचे वाक्य न् वाक्य या कामाला येते. दुसऱ्याने आपल्याला लिहिलेली पत्रे मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चित्र भिंतीवर लागले की जवळ येणारा प्रत्येक जण ती वाचणार असतो. आवडत्या कवितेबाबतही सावध राहावे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत लेखनहक्क टिकतो, त्यामुळे अलीकडच्या कवीच्या ओळी वापरून चित्र छापायचे किंवा विकायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, दुसऱ्याच्या कवितेतून घडवलेला चेहरा आपला असला तरी आवाज आपला राहत नाही.

डोळ्याच्या जागी ‘डोळा’, ओठांच्या जागी ‘ओठ’, कपाळावर ‘विचार’ अशी मांडणी करण्याचा मोह टाळावा. ती शाळेतल्या तक्त्यासारखी दिसते. पुस्तकाच्या पानासारखा सलग वाहणारा मजकूर मला अधिक पसंत आहे, कारण त्यात गालाच्या सावलीत कोणते वाक्य जाऊन पडेल हे चित्र पूर्ण होईपर्यंत आपल्यालाही ठाऊक नसते. अपवाद करायचा तर डोळ्यांवरून जाणाऱ्या तीन-चार ओळींपुरता करावा. पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते, म्हणून त्या ओळी निवडून, तोलून बसवाव्यात.

राखाडी रंगाचा मोह

सर्वांत जास्त चित्रे बिघडतात ती येथे. संगणकावरची सर्वांत सोपी कृती अशी आहे: मजकुराच्या लेअरवर छायाचित्र ठेवावे, क्लिपिंग मास्क लावावा, आणि अक्षरांच्या आकारांतून छायाचित्र डोकावू लागते. पडद्यावर हे लगेच छान दिसते. परंतु येथे अक्षरे केवळ खिडक्या झालेली असतात. छटा छायाचित्राने पुरवलेली असते. फिकट भागातली अक्षरे इतकी फिकट होतात की ती वाचता येत नाहीत, आणि कागदावर तर त्यांची दशा आणखी वाईट होते. छपाईयंत्र सहसा राखाडी शाई वापरत नाही. ते काळ्या शाईचे सूक्ष्म ठिपके विरळ पेरून राखाडी रंगाचा भास निर्माण करते. सहा पॉइंटचे अक्षर मुळातच काही रेघांचे बनलेले असते, त्या रेघा ठिपक्यांत फुटल्या की कडा खरबरीत होतात, अनुस्वार हरवतो आणि ‘ब’ व ‘व’ यांतला फरक शोधावा लागतो.

म्हणून प्रत्येक अक्षर पूर्ण काळेच ठेवावे, आणि छटा रंगाने न देता रेघेच्या जाडीने द्यावी. यासाठी अनेक वजनांचा, म्हणजे बारीक ते जाड अशा अनेक जाड्यांचा, फॉन्ट घ्यावा असे सांगितले जाते, आणि तसे फॉन्ट आपल्याकडे आता सहज मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ सात वजनांत विनामूल्य उपलब्ध आहे आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ नऊ वजनांत. पण येथे एक अडचण दबा धरून बसलेली असते. जाड वजनातले अक्षर बारीक वजनातल्या अक्षराहून रुंदही असते. त्यामुळे एखाद्या ओळीचा मधला भाग जाड केला की पुढची सगळी अक्षरे उजवीकडे सरकतात, ओळी फिरतात आणि नाकाची सावली गालावर जाऊन पडते. काही जण ही सरकासरक एकेक शब्द करून दुरुस्त करत बसतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून काम सोडून देतात.

यावर मला टिकाऊ वाटलेला उपाय असा आहे. संपूर्ण मजकूर एकाच, बारीक वजनात बसवावा आणि त्याच्या चार प्रती एकावर एक तंतोतंत ठेवाव्यात. पहिली प्रत तशीच राहू द्यावी. बाकीच्या प्रतींतील अक्षरांना काळ्या रंगाची बाह्यरेघ द्यावी, दुसरीला ०.१५ पॉइंट, तिसरीला ०.३, चौथीला ०.४५, अशी वाढत जाणारी. बाह्यरेघेने अक्षर जाड होते, पण त्याची जागा आणि ओळीची लांबी बदलत नाही, त्यामुळे चारही प्रतींतले प्रत्येक अक्षर त्याच जागी राहते. मग पोस्टराइझ केलेल्या छायाचित्रातील एकेका छटेचा आकार घेऊन त्या त्या प्रतीला त्या आकारापुरते मर्यादित करावे. इंकस्केप या रेखाटनाच्या प्रणालीत ‘ट्रेस बिटमॅप’ या आज्ञेने हे आकार मिळतात, फोटोशॉपमध्ये लेअर मास्क वापरता येतो. सावलीची कड जेथे एखाद्या अक्षरातून जाते तेथे त्या अक्षराचा अर्धा भाग बारीक आणि अर्धा जाड होतो, आणि गालाची गोलाई अशी एखाद्या ‘म’च्या पोटातून वळताना पाहणे हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे.

या पद्धतीतही मर्यादा ओलांडण्याची चूक होते. बाह्यरेघ फार वाढवली की ‘ध’, ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि काळे गोळे उरतात. ‘मोदक’सारखे अतिशय भरीव फॉन्ट मोठ्या शीर्षकासाठी सुंदर आहेत, कारण त्यांत अक्षराच्या अंगातली फट केसाएवढी ठेवलेली असते, सहा पॉइंटला ती फट राहत नाही. आपल्या फॉन्टची सहनशक्ती आधी तपासावी: प्रत्येक जाडीत पाच सेंटिमीटरचा एकेक चौकोन मजकुराने भरून छापावा, तो दोन मीटरवरून पाहावा आणि मग जवळून वाचावा. दुरून शेजारच्या चौकोनाहून वेगळा दिसतो आणि जवळून वाचता येतो, एवढ्याच जाड्या कामाच्या असतात.

या छापामुळे आणखी एक गोष्ट लक्षात येते. सर्वांत जाड मजकुराचा चौकोनही खरा काळा नसतो, कारण ओळींच्या मध्ये पांढरा कागद दिसतच राहतो. म्हणजे आपल्याजवळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा पूर्ण पल्ला नसून, पांढऱ्यापासून मध्यम गडदपर्यंतचाच असतो. हे न ओळखता केस, भुवया आणि हनुवटीखालची सावली हे सारे सर्वांत गडद छटेत टाकले, तर ते एकमेकांत मिसळतात. कपाळ आणि गाल यांना थोड्या फिकट छटा द्याव्यात, म्हणजे गडद भागांसाठी दोन वेगळ्या जाड्या शिल्लक राहतात. केस फार काळे हवे असतील तर सगळी मांडणी उलटी करून काळ्या कागदावर पांढरी अक्षरे ठेवता येतात. तेथे उजेड अक्षरांनी येतो आणि अंधार कागद पुरवतो.

अगदी उजळ भाग, नाकाचे टोक किंवा कपाळाचा मध्य, कोरा सोडावा का, याबद्दल मतभेद आहेत. कोरा सोडला की वाक्य मध्येच तुटते, म्हणून मी तेथेही बारीक अक्षरे चालू ठेवतो. चेहऱ्याची बाहेरची कड मात्र मास्कने कापू नये. कापलेली अर्धी अक्षरे कात्रीने छाटल्यासारखी दिसतात. त्याऐवजी मजकूरच चेहऱ्याच्या आकारात बसवावा आणि प्रत्येक ओळ पूर्ण शब्दावर संपू द्यावी.

डोळा किती ओळींचा आहे?

१९६६ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत लिऑन हार्मन आणि केनेथ नोल्टन यांनी एका छायाचित्राचे बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाच्या जागी त्याच्या गडदपणाशी जुळणारे छोटे चिन्ह छापले. सुमारे १२ फूट रुंदीच्या त्या छापाजवळ उभे राहिले की केवळ चिन्हे दिसत, आणि मागे सरकल्यावर पहुडलेली मानवी आकृती दिसे. आपल्या चित्राचीही अशीच दोन अंतरे असतात, एक वाचण्याचे आणि एक पाहण्याचे, आणि कागदाचा आकार त्यांवरून ठरवावा लागतो. बहुतेक जण ए-४ घेतात, कारण घरचा प्रिंटर तेवढाच असतो, आणि मग डोळे उमटत नाहीत म्हणून तक्रार करतात.

याचा हिशोब सोपा आहे. चित्रकलेत चेहऱ्याची रुंदी ढोबळमानाने पाच डोळ्यांएवढी धरतात. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद असेल तर एक डोळा ३ सेंटिमीटर रुंद आणि उघड्या पापण्यांमध्ये साधारण १ सेंटिमीटर उंच होतो. आडव्या दिशेने त्यात वीसेक अक्षरे बसतात, जे पुरेसे आहे. उभ्या दिशेने मात्र ७ पॉइंटची ओळ म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे संपूर्ण डोळ्याला अवघ्या चार ओळी मिळतात. पापणी, बुबुळ, बुबुळातला उजेडाचा ठिपका आणि खालची कड हे सारे चार ओळींत मांडावे लागते. अडचण नेहमी उभ्या दिशेला असते, हे ध्यानात घेतले तर उपाय उघड आहेत: ए-३ कागद घ्यावा, किंवा डोळ्यांच्या पट्ट्यात अक्षरे ४ ते ४.५ पॉइंटची करावीत. चेहराच ६ सेंटिमीटरचा ठेवून सहा पॉइंटमध्ये डोळे काढण्याचा प्रयत्न करू नये. तेथे डोळ्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

काम चालू असताना पडद्यावर सतत मोठे करून पाहण्यानेही दिशाभूल होते. हार्मन यांनीच १९७३ साली अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्या मोठ्या चौकोनांत मांडून दाखवला होता. डोळे बारीक केले की चौकोनांच्या टोकदार कडा विरतात आणि लिंकन ओळखू येतात. आपणही दर अर्ध्या तासाने चित्र अंगठ्याएवढे लहान करून किंवा डोळे किलकिले करून पाहावे.

शिरोरेषेचे पट्टे, मात्रांची टक्कर

देवनागरीचा मजकूर दुरून पाहिला की आडवे पट्टे दिसतात, कारण प्रत्येक शब्दावर शिरोरेषेची सलग रेघ असते. रोमन अक्षरांत ही अडचण नाही. पट्टे कमी करण्यासाठी ओळी जवळ आणाव्यात, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत घुसतात. सहा पॉइंटच्या अक्षरांना सहा पॉइंटचीच ओळ दिली तर बहुतेक फॉन्टमध्ये ही टक्कर होते. सात पॉइंटपासून सुरुवात करून, छापून पाहत, पाव पाव पॉइंटने कमी करावे. चेहऱ्यावर पट्टे आडवे ठेवण्याऐवजी सगळा मजकूर दहा-पंधरा अंशांनी तिरपा केला तर ते बरेच कमी टोचतात, असा माझा अनुभव आहे.

पट्टे घालवण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवणे ही चूक आहे. अंतर वाढले की शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. अंतर कमी केले तर शेजारच्या रेघा एकमेकींवर चढतात, आणि अक्षरे अर्धपारदर्शक असतील तर प्रत्येक सांध्यावर गडद ठिपका दिसतो. देवनागरीसाठी हे अंतर शून्यच ठेवावे.

गालाच्या वळणावरून शब्द फिरवण्याची हौस अनेकांना असते. वक्ररेषेवर मजकूर बसवताना बहुतेक प्रणाली प्रत्येक अक्षर सरळच ठेवून फक्त तिरपे करतात. त्यामुळे शिरोरेषेला वळण मिळत नाही, तिला कोन पडतात. वळण मोठे आणि संथ असेल तर हे खपून जाते. नाकपुडीसारख्या घट्ट वळणावर मजकुराचे आधी आकारांत रूपांतर करावे आणि मग त्या आकारांनाच बाक द्यावा, म्हणजे शिरोरेषाही वळते.

अक्षरे मोडतात तेव्हा

‘कवि’ टंकल्यावर वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसली किंवा ‘क्त’ऐवजी पाय मोडलेला ‘क्’ आणि सुटा ‘त’ दिसला, तर फॉन्ट बदलत बसू नये; दोष बहुधा प्रणालीच्या मजकूर-मांडणीचा असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्राधान्यांच्या (प्रेफरन्सेसच्या) ‘टाइप’ विभागात जाऊन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये ‘इंडिक’ पर्याय दाखवण्याची खूण करून परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावावा. इंकस्केप आणि गिम्प यांत जोडाक्षरे सहसा आपोआप नीट जुळतात, आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

मजकूर जुन्या फाइलीतून आणला असेल तर वेगळीच अडचण येते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या यूनिकोडपूर्व (यूनिकोड म्हणजे सर्व लिपींसाठीची आजची सामायिक संकेतपद्धती) पद्धतींत टंकलेला मजकूर यूनिकोड फॉन्टमध्ये टाकला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो आधी परिवर्तकातून यूनिकोडमध्ये आणावा आणि नंतर डोळ्यांत तेल घालून वाचावा, कारण परिवर्तन करताना रफार आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ हमखास चुकतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपेही पाहून घ्यावीत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवले आहेत. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली की ही रूपे येतात. स्वतःचा चेहरा स्वतःच्या भाषेत काढताना तिची वळणेही आपलीच असावीत, असे मला मनापासून वाटते.

चौकटी मोजून केलेली चित्रे

छायाचित्राचे अक्षरांत आपोआप रूपांतर करणारे कार्यक्रम चित्राच्या चौकटी पाडतात आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर ठेवतात. ही कल्पना प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असण्यावर उभी आहे, आणि देवनागरीत ‘र’ व ‘क्ष’ यांची रुंदी सारखी नसते. शिवाय संगणकाच्या दृष्टीने ‘क्षि’ हे एक अक्षर नसून क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत आहेत. संकेत मोजणारा कार्यक्रम ते चार चौकटींत फोडतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम यूनिकोडच्या अक्षरविभाजनात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला, त्यामुळे जुने कार्यक्रम तो पाळत नाहीत. देवनागरीसाठी आधी सांगितलेली प्रतींची पद्धतच वापरावी.

टंकयंत्रावर काम करणाऱ्यांना चौकट यंत्रच देते, पण ती चौरस नसते. पायका यंत्रावर एका इंचात १० अक्षरे आणि उभ्या इंचात ६ ओळी येतात. तीनास चार प्रमाणाचे छायाचित्र ६० अक्षरे रुंद करायचे तर त्याला ४८ ओळी लागतात. चौकट चौरस समजून ८० ओळी योजल्या, तर चेहरा सव्वातेरा इंचांहून लांब होतो, ए-४ कागदाबाहेर जातो आणि घोड्यासारखा ओढलेला दिसतो. यंत्रावर जाडी बदलता येत नाही, म्हणून छटा एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकून मिळवतात. मुंबईचे चंद्रकांत भिडे यांनी बँकेत टंकलेखक म्हणून नोकरी करता करता याच मार्गाने व्यक्तिचित्रे घडवली. अमेरिकेतील पॉल स्मिथ (१९२१–२००७) यांनी सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकारामुळे हातांवर ताबा मर्यादित असताना शिफ्टची कळ अडकवून, आकड्यांच्या ओळीवरील मोजक्या चिन्हांतून सारे काम केले. त्यांच्या चित्रांत शब्द नाहीत, पण छटा कशी रचत न्यावी हे त्यांच्याकडून शिकावे. यंत्रावर होणारी नेहमीची चूक फितीची असते: नव्या फितीने सुरू केलेले कपाळ गडद येते आणि हनुवटीपर्यंत फीत फिकी पडते. थोडी वापरलेली फीत घ्यावी आणि एका बाजूपासून दुसऱ्या बाजूकडे न जाता सगळ्या चेहऱ्यावर फिकट थर देऊन मग गडद भागांकडे वळावे. रूळ मागे फिरवायचा असेल तर हव्या त्या ओळीच्या थोडा मागे नेऊन पुढे आणावा, नाहीतर कागद किंचित सैल राहतो आणि दुसरा ठोका पहिल्यावर बसत नाही.

छपाईला देताना

माझ्या एका चित्राची फाइल मी मजकूर तसाच ठेवून छपाईला दिली होती. तेथील संगणकात तो फॉन्ट नव्हता, दुसरा फॉन्ट आपोआप बसला, ओळींची लांबी बदलली आणि हनुवटीची सावली गळ्यावर उतरली. तेव्हापासून मूळ फाइल वेगळी जपून, छपाईच्या प्रतीतला सगळा मजकूर आकारांत रूपांतरित केल्याशिवाय मी फाइल हातातून सोडत नाही. काळा रंग केवळ काळ्या शाईचा, १०० टक्के, असावा. चार शाया मिसळून केलेल्या काळ्यात एखादी शाई केसभर सरकली की बारीक अक्षरांभोवती रंगीत कड दिसते. फाइल पीडीएफमध्ये द्यावी. जेपीईजी अक्षरांच्या कडांभोवती मळ सोडते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर आकसलेल्या प्रतीत शब्द वाचता येत नाहीत.

उशिरा सापडलेली चूक

शुद्धलेखन तपासण्याचे काम लोक शेवटी ठेवतात. तोवर प्रती तयार झालेल्या असतात, मास्क बसलेले असतात, आणि कपाळावर ‘आशिर्वाद’ सापडतो. एक शब्द दुरुस्त केला की त्याच्या पुढचा सगळा मजकूर हलतो आणि चारही प्रतींत तो वेगवेगळा हलण्याची भीती असते. मजकूर चित्राबाहेर, साध्या पानावर छापून, दुसऱ्या जाणत्या माणसाकडून आधी वाचून घ्यावा. तरीही काही निसटणार, हे गृहीत धरून मजकूर बसवतानाच प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तोडून ठेवावी, म्हणजे दुरुस्तीची हालचाल त्या एका ओळीपुरती राहते. मग त्या ओळीची लांबी पूर्ववत करण्यासाठी मराठी हाताशी असते. ओळ वाढली तर ‘परंतु’च्या जागी ‘पण’ किंवा ‘आणि’च्या जागी ‘व’ ठेवावा. कमी पडली तर ‘घर’चे ‘घरकुल’ होऊ शकते का, ते वाक्याला विचारून पाहावे. ही अदलाबदल पहिल्या प्रतीत करून तीच ओळ बाकीच्या तीन प्रतींत जशीच्या तशी उतरवावी आणि त्या पट्ट्यातली अक्षरे एकावर एक बसली आहेत की नाहीत हे पडद्यावर आठपट मोठे करून पाहावे.